श्वासाची जागा

कागदावरची टिंबं बघून पावा वाजवणारी माणसं मला चालत नाहीत. आमच्याकडे, आयर्लंडात क्लेअरच्या पश्चिम किनाऱ्याला, चाल माणसाकडून घ्यायची असते. समोर बसायचं, त्याने एक तुकडा वाजवायचा, आपण तो परत द्यायचा. पुढे चारचौघांत वाजवताना सांगायचं, ही मला अमक्याने दिली. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो आणि तिथे काही शिकलो नाही. पण पत्र्याच्या सहा भोकांच्या पाव्यावर कुठलीही चाल दोनदा ऐकून उचलायचो. त्याचीच घमेंड होती. ती नसती तर आज सांगायला काही उरलंच नसतं.

त्या नोव्हेंबरात माझा थोरला भाऊ फिंटन अंथरुणाला खिळला होता. छातीचं दुखणं. एक वाक्य बोलायला तीनदा थांबावं लागे. डॉक्टर म्हणाला, आठवडा निघाला तर पुष्कळ. आम्ही दोघंही बिनलग्नाचे, घरात तिसरं कोणी नाही. एका सकाळी त्याने मला हाताने जवळ बोलावलं.

"बार्टली... आईची ती चाल... चुलीपाशी वाजवायची ती..."

"मला नाही येत ती."

"तेच तर, गाढवा... येत असती तर... आत्तापर्यंत डोकं खाल्लं असतंस. डेलिया कॉनरीकडे आहे... जा. मी जायच्या आधी... एकदा ऐकू दे."

दुपारी दोन वाजता पावा कोटाच्या खिशात टाकून निघालो. डेलियाचं घर दलदलीतून जाणाऱ्या रस्त्याच्या पार टोकाला. धुकं इतकं खाली आलं होतं की कुंपणाची भिंत हाताने चाचपत जावं लागलं. मेंढ्या दिसत नव्हत्या, नुसत्या खोकत होत्या.

डेलिया ऐंशीच्या पुढची, एकटी, पायाशी एक म्हातारं कुत्रं.

"दार लाव, धुकं आत येतंय. फिंटन गेला का?"

"नाही अजून."

"मग तोंड असं का केलंयस?"

"तोंड असंच आहे माझं."

"खरं आहे. बापाचं उचललंयस. बस."

काम सांगितल्यावर मात्र तिने माझ्याकडे पाठ केली. चुलीत पीट, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती, जळत होतं, त्याचा धूर खोलीभर. खूप वेळाने तिने चहाच्या डब्यातून आपला पावा काढला.

"देते. पण जशी देते तशीच घ्यायची. तुझी अक्कल मध्ये घालायची नाही."

आमच्या चालीचे दोन भाग असतात, आणि प्रत्येक भाग दोनदा वाजवायचा. पहिला भाग मी लगेच उचलला. आईचे हात डोळ्यांपुढे आले. दुसरा भाग हळूहळू वर चढतो. चढतो, चढतो, आणि अगदी शेंड्याला पोचायच्या आधी डेलियाने तोंडातून पावा काढला, आवाज करून श्वास घेतला आणि पुढचा सूर धरला. दुसऱ्यांदा वाजवलं तेव्हाही नेमकं तिथेच.

"डेलियाबाई, इथे एक सूर राहिला."

"राहिला नाही. ती श्वासाची जागा आहे."

"श्वास काय, कुठेही घेता येतो."

"या चालीत नाही. तुझी आई तिथेच घ्यायची. आम्हाला जिने दिली तीही तिथेच घ्यायची. तिथे श्वास आपला आपण घ्यायचा, बार्टली. आपण नाही घेतला, तर दुसरं कोणीतरी घेतं."

"कोण?"

"विचारायला मी कधी थांबले नाही."

मी मनातल्या मनात हसलो. म्हातारीचा दम पुरत नाही, म्हणून सूर गाळते, आणि गाळलेल्या सुराला रीत म्हणते. ही लबाडी आमच्या वाजवणाऱ्यांत फार जुनी. तो सूर कोणता असणार हे मला कळलं होतं. वळणच सांगत होतं.

मी छाती भरून घेतली आणि दुसरा भाग सुरू केला. चढलो. शेंड्याच्या आधी थांबलो नाही. सूर घातला. असा चपखल बसला की अंगावर काटा आला.

आणि त्याच क्षणी, माझ्या उजव्या खांद्यामागे, कोणीतरी श्वास घेतला.

लांब. आत... आत... आत. बुडालेला माणूस पाण्यावर येऊन घेतो तसा. मागे भिंत होती, दुसरं काही नाही. कोंब फुटलेल्या बटाट्यांचा खड्डा उकरावा तसा ओला, गोडसर वास आला. चुलीपुढचं कुत्रं उठलं, दाराशी गेलं आणि बाहेर सोडा म्हणून दार खरवडू लागलं.

बोटं सवयीने पुढे धावत होती. भाग दुसऱ्यांदा आला तेव्हा त्या जागी मी श्वास घेतला. मोठ्याने घेतला. मागे काही झालं नाही.

डेलियाने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या खांद्यावरून मागे पाहत होती.

"ही चाल आता घरी नेऊ नकोस..." ती अगदी हळू म्हणाली.

"फिंटनला शब्द दिलाय."

"मग त्या जागी श्वास घे. काहीही होऊ दे, घेच. त्याला एक चव मिळालीय... आता ते तुझ्यामागे येईल."

परतीच्या वाटेवर मागून पावलं ऐकू आली नाहीत. आली असती तर बरं वाटलं असतं. वास तेवढा सोबत होता. मी थांबलो की दाट व्हायचा.

घरी पोचलो तेव्हा जेमतेम साडेचार झाले होते, पण खिडकीत उजेड उरला नव्हता. फिंटनची छाती करवतीसारखी वाजत होती. मला वाटलं, सांगावं की म्हातारी घरी नव्हती. पण त्याने माझ्या खिशाकडे पाहिलं आणि त्याचे डोळे असे काही झाले, की मी पावा काढला.

पहिला भाग दोनदा झाला. तो रडत होता. दुसरा भाग चढला. जागा आली. मी श्वास घेतला. बरोबर घेतला. शेंडा, उतार, पुन्हा सुरुवात. आता एकदाच उरलं होतं.

तेव्हाच त्याला उबळ आली. असा खोकला, की खाट हलली. तोंड निळं पडलं, हात पांघरूण ओढू लागले. गेला, गेला माझा भाऊ... मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि बोटं आपली चढत राहिली. लक्षात आलं तेव्हा तो सूर वाजून गेला होता.

श्वास घेतला गेला. या वेळी खांद्यामागे नाही. खाटेवर.

फिंटनची छाती वर आली. वर... आणखी वर... आणि वरच राहिली. खोकला सुरी फिरवल्यासारखा तुटला. गालावर रंग चढला. तो उठून बसला.

"चहा टाक बार्टली आणि अंडी असतील तर दोन उकड, सकाळपासून पोटात काही नाही," तो म्हणाला. एका दमात. कुठेही न थांबता.

डॉक्टर नळी लावून बघत राहिला, डोकं खाजवत निघून गेला. मी गोठ्यात जाऊन पोटभर रडलो. आनंदाने रडलो, खोटं कशाला सांगू.

तीन आठवड्यांनी डझनभर अंडी घेऊन डेलियाकडे गेलो. ऐक म्हणालो, झालं ते चांगलंच झालं. तिने अंडी घेतली नाहीत.

"घेतलेला श्वास ऐकलास," ती म्हणाली. "सोडलेला ऐकलास का?"

मी अंडी उचलून घरी आलो. आजवर हे कोणाशी बोललो नाही.

याला अकरा वर्षं झाली. डेलिया गेली. फिंटन आहे. बटाटे खणतो, पत्त्यांत लबाडी करतो, मला गाढव म्हणतो. रात्री मी भिंतीला कान लावून पडतो. पलीकडे त्याची खोली. पलीकडून काही येत नाही.

यंदा ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी आम्ही चर्चला गेलो. त्या दिवशी दिवे मालवतात आणि प्रत्येकाच्या हातात एक मेणबत्ती देतात. सगळे गाऊ लागले. सगळ्यांच्या तोंडापुढच्या ज्योती लवत होत्या, थरथरत होत्या. फिंटन माझ्याशेजारी सगळ्यांपेक्षा मोठ्याने गात होता. त्याची ज्योत खिळ्यासारखी सरळ उभी होती.

शेवटी दिवे लागले, लोकांनी मेणबत्त्या फुंकल्या. फिंटनने आपली मेणबत्ती माझ्या ओठांपाशी आणून धरली.

"तू फुंक," तो म्हणाला. "तुझ्याकडे आहे अजून."