जिभेची बैठक

नाशिकच्या दंतगती प्रयोगशाळेत भिंतीएवढ्या पडद्यावर वरच्या दातांची एक कमान सावकाश फिरत होती. कमान देखणी होती. फक्त डावीकडचा एक दात शेजारी फट ठेवून रांग सोडून बाहेर निघाला होता, वर्ग चालू असताना एखाद्याने खिडकीबाहेर डोकवावं तसा.

"हे दात कोणाचे?" डॉ. यशोधरा निंबाळकरांनी विचारलं.

"माझे," अबोली म्हणाली आणि पुरावा म्हणून तिने ओठ वर केला.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, तिची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि मान हलवली. "अगं, तू माझी विद्यार्थिनी असताना हे दात मी वर्गाला दाखवायचे. असे दिसायला हवेत म्हणून! काय करून घेतलंस हे?"

डॉ. अबोली मुणगेकरने काही करून घेतलं नव्हतं. आपणच तयार केलेला साचा तिने आपल्याच दातांवर चढवला होता, इतकंच. आणि तो साचा सुरगाणा-पेठच्या शाळांतल्या मुलांना द्यायचा की नाही, हे ठरवायला बाई आज आल्या होत्या. निम्म्या नाशिकचे दात त्यांनी तारा लावून सरळ केले होते, त्यामुळे परीक्षण समितीत त्यांचा शब्द शेवटचा असे.

"सुरुवातीपासून सांगा," बाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "मला काहीच माहीत नाही असं समजा."

नझीम पटवेकरने टेबलावरची डबी उघडली. आतला पारदर्शक साचा कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ होता. पदार्थ नझीमचा, गणित अबोलीचं, असं दोघांचं काम होतं.

"नेहमीचे पारदर्शक साचे म्हणजे एक मालिका असते," तो म्हणाला. "पहिला साचा दाताला किंचित ढकलतो, दुसरा आणखी किंचित. दर वेळी दवाखान्यात यायचं, नवा साचा घ्यायचा. सुरगाण्याच्या मुलाने घाट उतरून किती वेळा यायचं? आणि सगळं झाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा रात्रीचा रिटेनर आहेच. तो काढला की दात निघाले परत फिरायला."

"ते मला सांगू नकोस. रिटेनर हरवून येणाऱ्यांवर माझा निम्मा दवाखाना चालतो."

"म्हणून आम्ही उलटं विचारलं," अबोली म्हणाली. "दात कुठे हवाय हे आपण ठरवायचंच नाही. तो कुठे टिकेल, एवढंच शोधायचं. बाहेरून गाल आणि ओठ दाबतात, आतून जीभ. हे दाब जिथे एकमेकांना पुरे पडतात, तिथे दात स्थिर राहतो. चावण्याचा जोर मोठा असतो, पण तो क्षणभराचा. टेकून बसलेल्या जिभेचा दाब पिसासारखा, पण तो तासन्‌तास चालतो. दात जोराला दाद देत नाही मॅडम, सवयीला देतो. विश्रांतीत जीभ जिथे टेकते, त्या जागेला आम्ही जिभेची बैठक म्हणतो. हा समतोल साचा ती बैठक ओळखतो, सगळे दाब मोजतो आणि स्वतःचा आकार बदलत दाताला समतोलाच्या जागी नेतो. एकच साचा. पुढे रिटेनर नाही."

"एक शंका," बाईंनी बोट वर केलं. "दात जर समतोलाकडेच जातात, तर ते वाकडे का असतात? आपले आपण सरळ का होत नाहीत?"

"अडकतात म्हणून," नझीम म्हणाला. "दुधाचा दात लवकर पडला, शेजारचा त्या जागेत कलंडला, मागून येणाऱ्याची वाट बंद. त्याला पुढे सरकायचंय, पण शेजारी हलत नाही. साचा फक्त वाट मोकळी करून देतो."

"ठीक. आणि हिचं काय झालं?"

मग नझीमने पडदा बदलला. कमानीवर रंग उमटले. दाब जितका जास्त, तितका रंग गडद. त्या भरकटलेल्या दाताच्या आतल्या बाजूला शाईचा डाग पडावा तसा निळा ठिपका होता.

"सगळ्या प्रौढ स्वयंसेवकांचे दात सरळ झाले. तुलनेसाठी आधीच सरळ दात असलेलं कुणीतरी हवं होतं, म्हणून अबोलीने साचा घातला. ते सरळच राहतील असं आम्ही धरून चाललो होतो. पण हिची जीभ कायम डावीकडे टेकलेली असते. दिवसा, झोपेत, कधीही. लहानपणीच्या तारा निघाल्यापासून इतकी वर्षं रिटेनरने तो दात धरून ठेवला होता. साच्याने सोडला."

बाईंनी पुढे वाकून तो ठिपका निरखला.

"जीभ तिथे टेकते म्हणून दात तिथे गेला, असं तुम्ही म्हणता," त्या म्हणाल्या. "मी उलट म्हणेन. टाळूचं हाड जन्मतःच त्या बाजूला खोलगट असेल, म्हणून जीभ तिथे जाऊन बसते. म्हणजे हाड मालक आणि जीभ भाडेकरू. तसं असेल तर तुमचा साचा जिभेचं ऐकून प्रत्येक मुलाला त्याच्या घराण्याच्या वाकडेपणाकडे परत नेईल, आणि वर कायमचा नेईल. जीभ तिथे का बसते, हे मला दाखवा. ते कळल्याशिवाय हा साचा मी एकाही मुलाच्या तोंडात जाऊ देणार नाही."

त्या रागावल्या नव्हत्या. म्हणूनच अबोलीला ते जास्त लागलं. शंका रास्त होती, आणि उत्तर तिच्याच तोंडात असूनही तिला ठाऊक नव्हतं.

"तुलना संग्रहात शोधून बघू," नझीम म्हणाला. "अशीच दुसरी कमान सापडली तर काही धागा मिळेल."

प्रयोगशाळेत आजवर मोजलेली प्रत्येक दंतपंक्ती त्या संग्रहात होती. यंत्राने शोध घेतला आणि 'साम्य नाही' असं उत्तर दिलं. नझीम खुर्चीत मागे रेलला, पेनाने कान खाजवला आणि पुन्हा पुढे वाकला.

"थांबा. याला डावं-उजवं विसरायला सांगतो."

या वेळी उत्तर लगेच आलं. पडद्यावर दुसरी कमान उगवली आणि अबोलीच्या कमानीशेजारी फिरू लागली. जुनी, झिजलेली, दोन दाढा नसलेली. बाहेर वळलेला दात उजवीकडचा होता, त्याच्या बाजूची फटही उजवीकडची. नझीमने ती कमान आरशात धरल्यासारखी उलटी करून अबोलीच्या कमानीवर ठेवली. तो एक दात आणि ती एक फट एकमेकांवर अचूक बसली.

नाव दिसायच्या आधीच अबोलीने ओळखलं. पटाशीच्या दाताचा टवका तिला पाठ होता.

प्रयोगशाळेच्या उद्घाटनाच्या दिवशी सगळ्या पाहुण्यांचे दात हौसेने मोजले होते. तिचे वडील, अप्पा, दापोलीहून आले होते, इस्त्रीच्या पांढऱ्या बुशशर्टात. "माझे दात बघून तुमचं यंत्र रजेवर जाईल हो," असं म्हणत त्यांनी तोंड उघडलं होतं आणि सगळे हसले होते. त्यानंतरच्या मार्चमध्ये ते गेले.

"सदाशिव मुणगेकर," नझीमने वाचलं आणि तो चपापला. "अबोली, सॉरी. माझ्या लक्षात नाही आलं."

"असू दे."

बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. मग त्यांना त्यांचं काम करावंच लागलं. "म्हणजे माझी शंका खरी निघाली. वडिलांचं हाड मुलीकडे आलं. यात जिभेचं कर्तृत्व काही नाही. वाईट वाटतं मला, पण..."

"मॅडम," अबोली म्हणाली, "मी दत्तक आहे."

हे तिने प्रयोगशाळेत कधी सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नाही, कधी वेळच आली नव्हती. घरी मात्र ती वेळ सारखी यायची. अप्पांच्या दिवसांना आलेल्या एक बाई निघताना आत्याला म्हणाल्या होत्या, "नाकडोळे काही त्यांचे नाहीत हो, पण पोरीने लेकीसारखं केलंन." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण 'लेकीसारखं' हा शब्द अबोली नाशिकला परत येताना बरोबर घेऊन आली होती आणि तेव्हापासून तो कुठे ठेवावा हे तिला सुचलं नव्हतं. अप्पा कृषी महाविद्यालयात वनस्पतींची चित्रं काढत. ती सगळी चित्रं महाविद्यालयाच्या संग्रहात गेली होती. तिच्याकडे टेबलावरचा दिवा तेवढा होता. अप्पांचं आपल्याजवळ काय उरलं, असं कुणी विचारलं असतं तर तिने त्या दिव्याकडेच बोट दाखवलं असतं.

"तीन वर्षांची असताना आणलं त्यांनी मला," ती म्हणाली. "त्यांचं हाड माझ्याकडे यायला काही वाटच नाही."

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. त्या पडद्याकडे गेल्या, अगदी जवळ, नाक टेकेल इतक्या. "मग योगायोग?"

"एवढा अचूक योगायोग कुठल्याच गणितात बसणार नाही," नझीम म्हणाला. "पण एक सांग, हे उलटं का? त्यांचा उजवा, तुझा डावा. सवय उचललीस म्हणावं तर तीही त्याच बाजूची हवी."

अबोलीला उत्तर सुचलं तेव्हा ती आधी हसली. मार्चनंतर इतकं मोकळं हसणं तिचं तिलाच नवीन होतं.

"मी समोर बसायची," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"अप्पा संध्याकाळी घरी चित्रं काढत. टेबलाच्या एका बाजूला ते, मध्ये दिवा, दुसऱ्या बाजूला मी. पायांखाली पाट ठेवायचे, लोंबकळू नयेत म्हणून. मलाही कागद, मलाही पेन्सिल. पानावरची लव काढताना त्यांची जीभ उजवीकडच्या त्या दाताला जाऊन टेकायची. ओठ किंचित फुगायचा तिथे. हात थांबला तरी ती तिथेच असायची. मी ते बघून बघून करायची. आणि समोर बसलेलं मूल आरशात बघितल्यासारखंच करणार ना? त्यांचं उजवं माझ्या डाव्या हाताला."

पडद्यावर दोन कमानी समोरासमोर फिरत होत्या.

"वारसा असता तर उजवा उजवाच राहिला असता," शेवटी बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गात शिकवतानाचा झाला होता. "उलटा आला म्हणजे तो डोळ्यांनी आला. शेजारी बसली असतीस तर मी अजून भांडले असते. बरं, जीभ मालक. कबूल. आणि सवय आहे म्हणजे लहानपणी बदलताही येते. हाडाला समजावता येत नाही, पोराला येतं." त्या वळल्या. "साचा मुलांना द्या. पण त्याबरोबर जिभेला टाळूवर नीट बसायला शिकवणारा खेळ हवा, आणि तो शिक्षकांना शिकवायचा. जीभ आधी, साचा नंतर. हे लेखी हवंय मला."

"उद्या देतो," नझीम म्हणाला.

"आणि मोठ्या माणसांना आधी विचारायचं. सरळ दात आणि रिटेनर हवा, की आपल्या सवयीचे दात आणि सुटका. कोणाच्या तोंडून कोण बाहेर येईल सांगता येत नाही. एखादीला सासूचे दात यायचे, घरात रामायण होईल." जाता जाता त्या थांबल्या. "तुझं काय करायचं, अबोली? माझ्याकडे ये, पुन्हा रांगेत आणून देते."

"बघते, मॅडम," अबोली म्हणाली. बघण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, हे बाईंनाही कळलं असावं.

संध्याकाळी घरी आल्यावर तिने दापोलीला आत्याला फोन लावला. साचा, समतोल, कमान हे सगळं सोपं करून सांगितलं. आत्याने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढी यंत्रं कशाला लागली? मला विचारायचंस."

"तुला माहीत होतं?"

"अगं, तुझ्या तारा बसवायच्या होत्या तेव्हा तो दाताचा डॉक्टर काय म्हणाला आठवत नाही? 'पोरीने बापाचेच दात उचललेत.' दादाने त्याला सांगितलंच नाही काही. दुरुस्त केलंच नाही त्याला. घरी येऊन मला दोनदा सांगितलं. मग आठ दिवस तारांचं नाव काढेना. म्हणे, राहू देत की, काय बिघडलंय?"

'राहू देत की' अबोलीला आठवत होतं. वर्गातल्या मुली चिडवतात म्हणून ती रडत होती, आणि अप्पांना आपलं रडणं दिसत कसं नाही, म्हणून जास्तच रडत होती. नवव्या दिवशी त्यांनीच तिला स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं होतं आणि तारा बसेपर्यंत ते बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र धरून बसले होते.

"ऐकतेयस ना?" आत्या म्हणाली. "जेवलीस का?"

"जेवते आता. आत्या, पुढच्या महिन्यात येते मी. दात दाखवायला."

"ये. आंब्याची साटं वाळवून ठेवलीत तुझ्यासाठी. चावतील ना त्या दातांनी?"

"अप्पांना चावायची."

"त्याला काय, तो दगडही चावायचा," आत्या म्हणाली आणि दोघी हसल्या.

फोन ठेवून अबोलीने जुन्या रिटेनरची निळी डबी कपाटात मागे सरकवली. टेबलावरचा दिवा लावला, कागद पुढे ओढले आणि जिभेच्या खेळाचा मसुदा लिहायला घेतला. पहिल्याच ओळीला जीभ डावीकडे आपल्या जागी जाऊन बसली. तिने तिला बसू दिलं.