न धुता शिवलेली कवदी

अक्काला झालं तरी काय होतं?

शरतने हे आईला विचारलं, दवाखान्यातल्या नर्सला विचारलं, खांदा द्यायला आलेल्या संताजीरावमामांनाही विचारलं. आई देवांच्या फोटोंकडे बघत राहिली. नर्स म्हणाली, घरच्या मोठ्यांना विचार. मामांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांसाठी चहा मागवला. सुमा, त्याची थोरली बहीण, सकाळी रिक्षातून उतरून आपल्या पायांनी दवाखान्यात गेली होती. दुपारी शरतला शहाळं आणायला धाडलं. तो परत आला तेव्हा तिच्या तोंडावर चादर होती. शहाळं हातात धरून तो जिन्यात बसून राहिला, कुणीतरी येऊन ते काढून घेईपर्यंत.

बाप नव्हता. शरतची सातवीत शाळा सुटलेली, पंक्चरच्या दुकानात काम, आणि डोकं असं गरम की मालक त्याला गिऱ्हाइकाशी बोलूच द्यायचा नाही. घराण्यातले कोण कोण म्हणे म्हैसूरच्या फौजेत घोड्यावर होते. शरतकडे एक जुनी स्कूटर होती आणि चामराजपुरममधल्या दोन भाड्याच्या खोल्या. घर चालायचं ते सुमाच्या सुईवर.

सुमा गोकुलममधल्या एका दुकानात कवद्या शिवायची. कवदी म्हणजे गोधडी, इकडे म्हैसुरात तिला तसं म्हणतात. दुकान पुण्याहून आलेल्या ऋचाचं. पुढे कापडाचे तागे, मागे एक लांब टेबल, आणि त्या टेबलाभोवती शनिवारी बायका जमायच्या. कुणी कंपनीत नोकरीला, कुणी बँकेत, एखादी योगासनं शिकायला आलेली परदेशी पोरगी. सुया चालायच्या, तोंडं त्याहून जास्त. सुमा त्यांना टाका शिकवायची, आणि प्रत्येक कवदीचा शेवटचा कोपरा बंद करण्याआधी आत चिमूटभर तांदूळ सोडायची. उपाशी कवदी अंगावर घेऊ नये, असं ती म्हणायची. बायका हसायच्या. "सुमाची गोधडी घरून जेवून येते," बँकेतली आभा म्हणायची, "आणि आपण इथे डाएटवर."

सुमा गेल्यावर ऋचाचा फोन आला. तिच्या कपड्यांची एक कवदी करून आईंना देऊ, सगळ्याजणी मिळून शिवतो. शरतला बरं वाटलं. कपाटातले कपडे, दोरीवरचे कपडे, दवाखान्यातून परत मिळालेली न उघडलेली पिशवी, सगळं स्कूटरवर घालून तो देऊन आला. आणि एका शनिवारी, दुपारच्या जेवणानंतर, तयार कवदी आणायला गेला.

टेबलावर ती पसरलेली होती. बायका भोवती उभ्या होत्या.

"ये शरत," ऋचा म्हणाली. "बघ. तिचे सगळे आवडते रंग आलेत."

"छान आहे मॅडम."

"ताई म्हण रे. आणि एक सांगते, कपडे आम्ही धुतलेले नाहीत हं. मुद्दामच. माणसाचा वास राहतो ना त्यात. एकदा धुतले की गेला."

आभाने एक कोपरा उचलून नाकाशी नेला आणि डोळे मिटले. "सुमाच," ती म्हणाली. शेजारच्या बाईनेही तो कोपरा घेतला आणि हुंगला.

काखेतला घाम, उशीचं तेल, दोरीवर टाकण्याआधीचा मळ, अक्काच्या अंगाचं जे काही होतं ते या बायका नाकात भरून घेत होत्या, आणि त्यांचे डोळे पाणावले होते. शरतची नजर मधल्या चौकोनावर गेली. फिकट पिवळं कापड, निळी फुलं.

"हा गाऊन... दवाखान्यात नेला होता तो?"

"हो. त्याला जरा डाग होता," ऋचा हळूच म्हणाली. "म्हणून उलटा लावलाय. डाग आत गेला. दिसतोय का सांग."

"कसला डाग?"

ऋचाने चौकोनावरची सुरकुती हाताने सारखी केली.

"आत तांदूळ घातले?"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. "अगं बाई, ते राहिलंच," आभा म्हणाली. "असू दे, आता एवढ्यासाठी कुठे उसवायचं."

"मळका कपडा हुंगता," शरत म्हणाला. "शी. माणसं आहात का कोण?"

"शरत, सगळ्यांनी प्रेमाने केलंय रे."

त्याने कवदीची गुंडाळी काखेत मारली आणि निघाला. काखेत ती उबदार लागत होती. नुकतीच इस्त्री फिरवली असेल, असं त्याला वाटलं.

घरी आई, गोदावरीबाई, वाटच बघत होती. तिने कवदी घेतली, अंगावर ओढली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. उन्हाळा सुरू झाला होता, पंखा गरम वारा फेकत होता, तरी ती कवदी तिच्या अंगावरून उतरेना.

सुरुवातीला खोलीत अक्काचाच वास होता. खोबरेल तेल, कापडावर आखायचा खडू. शरत दारात उभा राहून तो घ्यायचा आणि मग स्वतःचीच लाज वाटून बाहेर जायचा. पुढे त्या वासाखालून दुसरा एक वास वर आला. आंबट. नासलेल्या दुधाचा, दूध पुसून तसंच पडलेल्या फडक्याचा. जेवताना तो घासाबरोबर तोंडात यायचा. भिंतीवरून मुंग्यांची रांग उतरून थेट कवदीत जाऊ लागली. मधला चौकोन ओला असायचा, आणि हात लावला तर कोमट.

"आई, पाणी सांडलंस?"

"सुम्ने, गप बस रे."

ताटातला भात ती चिवडायची आणि बाजूला सारायची. गाल बसले. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरू लागल्या. एकदा पाण्याचा पेला देताना शरतला तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट दिसलं. पांढरं पडलेलं, सुरकुतलेलं, दिवसभर पाण्यात बुडवून ठेवल्यासारखं. टोकाची साल निघत होती.

"हे काय झालं?"

"काही नाही मगा, पोरा. साबण लागतो."

पण घरातले कपडे कित्येक दिवस शरतच धूत होता.

त्या दुपारी तो नेहमीसारखा जेवायला घरी आला. वीज गेली होती, पंखा बंद. गल्लीही निपचित पडलेली. दार ढकललं आणि त्याला आवाज आला.

च्... च्... च्...

कुत्र्याचं पिल्लू पितं तसा. आतल्या खोलीतून. मध्ये थांबे, एक धाप ऐकू येई, आणि पुन्हा सुरू होई.

आई कुशीवर निजली होती. मधल्या चौकोनाची शिवण एका जागी सुटली होती, आणि त्या फटीत तिचं बोट होतं. ती अगदी हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणत होती.

शरतने तिचा हात ओढून काढला. बोटापासून फटीपर्यंत लाळेची एक तार ताणली गेली आणि तुटली.

"काय करतेस हे तू?"

"हळू रे..." आई म्हणाली. "आत्ताच डोळा लागत होता..."

"कुणाचा?"

आईने ओठ मिटून घेतले. दवाखान्यातून आल्यापासून मिटत होती तसेच.

शरतने कवदी हिसकावली. जिला न्हाणीपर्यंत चालवत न्यावं लागत होतं ती बाई उठली आणि तिने त्याचा पाय धरला. "बेडा मगा... नको... त्याला ऐकू जाईल, ओरडू नको..." त्याने पाय सोडवून घेतला, परसात गेला आणि मागचं दार बाहेरून लावलं.

कपडे धुवायच्या दगडावर त्याने कवदी टाकली. ती नुसत्या कापडाच्या वजनाने पडली नाही. आत काहीतरी एका बाजूला घरंगळलं. स्कूटरसाठी भरून ठेवलेली पेट्रोलची बाटली कोपऱ्यात होती, ती त्याने आणली. पण झाकण काढल्यावर हात थांबला. त्याच्या डोक्यात एकच होतं, अक्का उपाशी आहे. त्या बायकांनी तिला उपाशी शिवलं. आईला पोखरून खातेय ती अक्का, आणि चूक तिची नाही. आधी जेवू घालायचं, मग जाळायचं.

आत जाऊन त्याने डब्यातला सारू-भात आणि ब्लेड आणलं, दार पुन्हा बाहेरून लावलं. ब्लेडने चौकोनाची शिवण कापली. आत डागाची बाजू होती. इतके दिवस झाले, तो वाळून तपकिरी व्हायला हवा होता. तो ओला होता, लाल होता, आणि उन्हात त्यावर साय धरत होती.

नाक दाबून शरतने भाताची मूठ आत सारली. क्षणभर काही नाही. मग कवदी आक्रसली आणि भात बाहेर आला, बुळबुळीत, पांढऱ्या गुठळ्यांत माखलेला, त्याच्या मनगटावरून ओघळत. तो दगडाच्या कडेला ओकला. तोंड पुसून पुन्हा मूठ भरली.

"खा ना गं अक्के... एवढा खा..."

पुन्हा ओकारी. पुन्हा तो आंबट वास. तिसऱ्यांदा हात आत होता आणि त्याचं बोट कशाने तरी धरलं.

दात नव्हते. मऊ, गरम हिरड्या होत्या. तोंड एवढंसं की एका बोटाने भरलं. बोटाभोवती जीभ वळली, आणि ते ओढू लागलं, सगळा जीव एकवटून, धाप लागेपर्यंत.

अक्काचं तोंड मोठं होतं. हसली की सगळे दात दिसायचे.

शरत हलला नाही. दाराच्या फटीतून आईचा आवाज आला, जमिनीजवळून. ती उंबऱ्याशी बसली असावी.

"पोटुशी होती रे ती. मला पण शेवटीच कळलं. बाळ पोटातच गेलं, आणि मागोमाग ती गेली. कुणाचं म्हणून लोक विचारतील... मी तोंड उघडलंच नाही. जाळण्याआधी त्याला पोटातून वेगळं काढायचं असतं. मी तसंच दोघांना जाळू दिलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू मारायला धावला असतास. कुणाला ना कुणाला."

ते खरं होतं. शरतने पेट्रोलच्या बाटलीकडे बघितलं आणि डाव्या हाताने तिचं झाकण लावलं. एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. हे कळायला शाळा लागत नाही.

त्याने दार उघडलं. आईने वाटीत दूध आणून ठेवलं. फडक्याचं टोक बुडवून तो ते फटीत धरत राहिला. आतलं तोंड पीत राहिलं. मधला चौकोन वर येई, खाली बसे. किळस गेली नव्हती, पण त्याने हात मागे घेतला नाही. वाटी रिकामी झाल्यावर त्याने सुई घेतली, अक्का घालायची तसे टाके, वेडेवाकडे का होईना, घातले आणि फट बंद केली.

उन्हं कलायच्या आत दोघं स्कूटरवरून सोसले गावाला गेली. आईचं माहेर तिथलं. मागच्या सीटवर ती कवदी छातीशी धरून बसली होती, कडेवर मूल धरतात तशी. नदीच्या अलीकडे, बांधाशी, मामांच्या जमिनीत शरतने खड्डा खणला. आईने मीठ घातलं. कवदी चारही बाजूंनी दुमडून त्यांनी खाली ठेवली, आणि आता ती इतकी जड झाली होती की दोघांचे हात लागले. आईने पहिली मूठ टाकली आणि तोंड फिरवून स्कूटरकडे गेली.

बाकीची माती शरतने लोटली. पुरल्यावर माती पायाने दाबतात. त्याने पाय उचलला आणि पुन्हा बाजूला ठेवला. गुडघे टेकून बसला, आणि तळहाताने माती थोपटू लागला, हलक्या हाताने.

थोड्या वेळाने मातीखालूनही थोपटणं सुरू झालं. त्याच ठेक्यात. तो हात लहान नव्हता. पुरता मोठा तळवा होता, आणि त्याचा रोख वर नव्हता. खाली कुणीतरी कुणालातरी निजवत होतं.

शरतने वर बघितलं नाही, आईला हाक मारली नाही. खालचा हात थांबेपर्यंत तो थोपटत राहिला.