मेलो काय रे?

यतीन आमच्या कसालचा, माझ्या मावसभावाचा मुलगा. कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. त्याने स्वतः सांगितलं तेच सांगतो. हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्या.

२००६ साल, कार्तिकातली अमावास्या, सोमवार. देवगडच्या एका बर्फाच्या कारखान्यातून निरोप आला, सर्व्हर सारखा बंद पडतोय. पहाटे ट्रॉलर बर्फ भरायला येणार, तोवर चालू करून दे. हा जीप घेऊन गेला. रात्रपाळीला भिकाजी होता. साठीचा, थट्टेखोर. त्याने यतीनला बांगड्याचं तिखलं वाढलं.

दोन वाजता दोष सापडला. सर्व्हरमध्ये पडद्यावर न दिसणारी काही कामं आपोआप चालतात, त्यातलं एक अडकलं होतं. त्याचा नंबर टाकून बटण दाबलं की ते मरतं, आणि सर्व्हर नवं उठवतो. यतीनने विनीतला, पुण्यात याच कामात असलेल्या आपल्या गावच्या मित्राला, फोन लावला. स्पीकरवर ठेवून बटण दाबलं.

"मेलो काय रे?" विनीतने विचारलं, ते अडकलेलं काम मेलं का म्हणून.

दारात भिकाजी चहा घेऊन उभा. त्याला वाटलं, आपलीच चौकशी.

"नाय रे बाबा, अजून मेलंय नाय!"

अमावास्येला कोणी नाव न घेता विचारलं तर ओ देऊ नये, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. थट्टेच्या नादात विसरला बिचारा.

"मगे परत मार त्याका," यतीनच बोलला असं समजून विनीत म्हणाला.

यतीनने दाबलं. भिकाजीचा गुडघा उलटा वळला. फांदी मोडावी तसा आवाज झाला.

"माका कोणी मारल्यान रे..."

यतीन धावला. भिकाजी भिंत धरून उठू लागला.

"तोच परत उठलो काय?" फोनमधून विनीत.

"उठता हा... पण विनीत, थांब!"

"थांबतंस कित्याक? मार!"

यतीन टेबलापासून चार हात लांब. बटण खाली गेलं. आपोआप.

भिकाजीचं कपाळ फुटलं. समोर कोणी नाही. रक्त पडद्यावर उडालं.

यतीनने सर्व्हरची वायर उपटली. ती मुठीत तशीच धरून म्हाताऱ्याला जीपमध्ये घातलं. तो एकच म्हणत होता, "माका मारू नको रे..."

यतीन रडत गाडी हाकत होता.

जामसंड्याचा चढ. मागे धप्प... एकदाच.

"काकानू?"

...

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

सकाळी पोलिसांनी जीपमधली वायर नेऊन सर्व्हर चालू केला. कोणतं काम कधी मेलं, ते तो लिहून ठेवतो. रात्री दोननंतरच्या तीन नोंदी निघाल्या. तिन्हींखाली 'नवं उठवलं' असं होतं.

त्यांच्याखाली चौथी होती. तीन वाजून दहा. तिच्याखाली काहीच नव्हतं.