चिन्ह : कपबशी

निवडणूक लागली की गयासभाईंच्या फ्लेक्सच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही. अकोल्यात टिळक रोडच्या एका बोळातलं ते दुकान. मशीनची दिवसभर घरघर, शाईचा उग्र वास, आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपुढं मान खाली घालून बसलेली वर्षाली. तिचं काम विचाराल तर अगदी सोपं. समोरचा माणूस जो नाही, तो त्याला चार ओळींत करून द्यायचा. सख्ख्या भावाशी अबोला धरणारा ‘अजातशत्रू’. ज्याला गल्लीतलं कुत्रं विचारत नाही, तो ‘जनसामान्यांचा बुलंद आवाज’. फ्लेक्सवरचा मजकूर, रिक्षाच्या भोंग्यावरची घोषणा, मोबाइलवर फिरवायचे संदेश, सगळं तिच्याच हातचं. त्यामुळं एक झालं होतं. उमेदवारच काय, कुठल्याही पुरुषाच्या गोड शब्दांवर तिचा काडीचा विश्वास उरला नव्हता. आपणच स्वयंपाक करायचा आणि आपणच वासाला भुलायचं? छे! एवढी खुळी ती नव्हती.

जानेवारीतली ती दुपार होती. बाहेर अवकाळी पावसाची नुसती भुरभुर. दारात एकजण ओले केस झटकत उभा राहिला, किंचित लंगडत आत आला आणि परेडमध्ये हजेरी द्यावी तसा एका दमात बोलला,

“माजी सैनिक. जिल्हा परिषद गट. अपक्ष. चिन्ह कपबशी.”

“नाव सांगा,” वर्षालीनं वर न बघताच विचारलं.

“देवानंद. गाव लाखपुरीजवळ.”

तिची बोटं थांबली. तिनं मान वर केली. मिशी नवी होती, रंग रापलेला होता... पण डोळे? डोळे तेच होते.

“तू... देवा?”

“हाव,” तो म्हणाला, आणि हसला. “म्हटलं, पायते का नाई पायते ही पोट्टी वर!”

वर्षालीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बारा-तेरा वर्षांनी कुणी तिला पोट्टी म्हणत होतं.

तेव्हा शकुंतला चालू होती. मूर्तिजापूरहून दर्यापूरकडं जाणारी ती छोटी आगगाडी... गाडी कसली, पायी चाललेली म्हातारीच म्हणा! पोरं उतरायची, शेतातल्या तुरीच्या शेंगा तोडायची आणि धावत येऊन पुन्हा चढायची. वर्षाली कॉलेजला जायला मूर्तिजापूरला बसायची आणि लाखपुरी आली की खिडकीला नाक लावायची. कारण फलाटावरून देवा धावत यायचा, एका हातात वह्या आणि दुसऱ्या हातात टपरीवाल्याची कपबशी. संध्याकाळी परत द्यायच्या बोलीवर एकच मिळायची. मग काय, चहा गरम म्हणून ती अर्धा बशीत ओतून घ्यायची आणि कप त्याच्याकडं जायचा. गाडी हलायची, बशी डुचमळायची, ती फू फू करायची आणि तो तिच्याकडं बघत राहायचा. बोलायचा मात्र काहीच नाही. अहो, दोन वर्षं नुसता चहा पाजला त्या माणसानं!

मग अमरावतीला भरती लागली आणि देवा पहिल्याच झटक्यात निवडला गेला. मूर्तिजापूरच्या मोठ्या फलाटावर वर्षाली त्याला निरोप द्यायला गेली. वाटलं, आज तरी बोलेल. तो म्हणाला, “चहा घेत जाय टायमावर.” आणि गेला. आधी तो गेला, मग तिचं घर अकोल्याला आलं, मग शकुंतलाही बंद पडली. स्थळं येत राहिली, जात राहिली. वर्षालीनं वाट बघणं सोडलं होतं, असं ती सगळ्यांना सांगायची.

आणि आता हा इथं उभा!

त्याच्या मागोमाग छत्री झटकत त्याचे काका आले. शालिकराम काका म्हणजे प्रचाराचे सरसेनापती. बसल्या बसल्याच त्यांनी कपाळाला हात लावला.

“पाय ना वो पोरी, नशीब कसं! लोकायले ट्रॅक्टर भेटला, अन् आमच्या फौजीले काय? कपबशी! आता फौजी मानूस काय चहा विकतो का?”

देवा खिडकीबाहेरची भुरभुर बघत राहिला.

“तू फक्त फोटो असा बनव,” काका म्हणाले, “की समोरच्याची हिंमतच खचली पाह्यजे. हातात बंदूक, मांगं वाघ!”

वर्षालीनं तेच केलं. तिचा हातखंडाच होता तो. कुठल्याशा कमांडोच्या रुंद छातीवर देवाचा चेहरा बसवला, शेजारी डरकाळी फोडणारा वाघ, खाली ओळ : ‘सीमेवरचा वाघ आला, आता गटाचा कायापालट झाला!’ काका खूश. गयासभाई म्हणाले, “क्या बात है!”

देवा तेवढा कुरकुरला. “वर्षाली, मी तिकडं वाघ नव्हतो वं. मी तं...”

“उमेदवारानं गप बसायचं असतं,” ती लाडानं दटावत म्हणाली. “तसंही तुले गप बसाची सवय हायच ना?”

तो खरंच गप बसला. वर्षालीला मनातून बरं वाटलं... जरा जास्तच बरं वाटलं.

फ्लेक्स त्याच्या गावच्या चौकात लागला आणि दुसऱ्याच दिवशी त्याची शोभा झाली. देवाची आई, पार्बताबाई, बाजाराला निघाली होती. फ्लेक्सपुढं थांबली, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून खालीवर बघितलं आणि भर चौकात मोठ्यानं म्हणाली, “बाप्पा! तोंड तं माया देवाचं हाय, पण आंग कोणाचं आणलं?”

चौक हसून लोटपोट. संध्याकाळपर्यंत गटातल्या गावागावात तोच विषय. ‘कोणाचं आंग’ म्हणून पोरं त्याला हाक मारू लागली.

वर्षालीला कळलं तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. देवा दुकानात आला तो एकटाच. तिनं आधीच हात जोडले.

“चुकलं रे माझं. तू रागाव पाहू मले.”

“रागावू काहून?” तो स्टूल ओढून बसला. “तू लय सुंदर लिवते. फक्त एक डाव मले विचारलं असतं तं बरं झालं असतं.”

“मंग सांग. तू काय करत होता तिकडं?”

“टँकर चालवत होतो. पाण्याचा.”

तिनं खुर्ची त्याच्याकडं वळवली.

“वर पहाडात सारं बर्फच बर्फ,” तो सांगू लागला, “अन् प्याले घोट नाई. नळ गोठते, टाकी गोठते. चौक्याचौक्यायवर पोरं वाट पाहून राहतात. मी खालून पाणी न्यायचो. एक डाव गाडी फसली, पायातलं ओलं झालं, दोन बोटं तिथंच गेली. मेडिकल बोर्डानं घरी पाठवलं. एवढंच. बंदूक होती, पण सीटच्या मांगं. मी आपला टाकीकडं लक्ष ठेवून.” मग जरा थांबून, “येताना वाटे, आपल्या खारपाणपट्ट्यात काय वेगळं हाय? जमिनीत पाणी हाय, पण तोंडात धरवत नाई. माया मायनं जन्मभर गोड पाणी डोक्यावर आणलं. म्हणून उभा राह्यलो. वाघ-बिघ कायचा!”

एवढी वर्षं वर्षाली माणसांना शब्द विकत होती, आणि हा माणूस फुकटात इतकं खरं बोलून बसला होता. वाघाचा फ्लेक्स तिनं त्याच दिवशी उतरवायला लावला. नव्या फ्लेक्सवर चौकटीचा सदरा घातलेला साधा देवा होता, आणि खाली त्याचेच शब्द : ‘मी वाघ नाही. मी पाण्याच्या टँकरवरचा ड्रायव्हर. बर्फात पोरांना पाणी पोचवलं, आता माझ्या मायमाउल्यांपर्यंत पोचवायचं आहे.’ काका दोन दिवस तोंड फुगवून बसले, ते सोडा.

भोंग्यासाठी त्याचाच आवाज घ्यायचं ठरलं, तर तिथं वेगळीच तऱ्हा. माइक समोर आला की देवाची भाषा पुन्हा हजेरीची व्हायची. “मतदार. बंधू. भगिनी.” गयासभाईंनी डोकं धरलं.

“माइककडं नको पाहू,” वर्षाली शेवटी म्हणाली. “माझ्याकडं पाहून बोल.”

“तुझ्याकडं पाहून?”

“हाव. काहून, भेव लागते का?”

“बर्फाचं नाई लागलं तेवढं लागते,” तो पुटपुटला, आणि तिच्याकडं बघून बोलायला लागला. आवाज मऊ झाला. पाणी, चुलीवरचा हंडा, आईची डोक्यावरची चुंबळ... तो बोलत राहिला आणि वर्षालीला लाखपुरीचा फलाट दिसत राहिला. संपलं तेव्हा दोघांपैकी कुणीही नजर काढली नव्हती.

“रेकॉर्डिंग हो गई,” गयासभाई खाकरले. “मगर मॅडम, इसमें इलेक्शन कम और दूसराच कुछ ज्यादा सुनाई दे रहा.”

वर्षालीनं पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं आणि उगाच की-बोर्ड पुसत बसली.

पुढचे दिवस कसे गेले कळलंच नाही. ती मजकूर लिहायची, तो एक-एक शब्द काढून टाकायचा. “हे मी करू शकत नाई, नको लिवू.” “हे बी नको.” ती चिडायची, “मंग लिहू काय, तुझं नाव अन् गाव?” आणि तो हसायचा. पण एक गोष्ट तिच्या गळ्यात अडकली होती. पुण्याच्या एका कंपनीनं तिला बोलावलं होतं, मोठमोठ्या नेत्यांचा प्रचार लिहायला. मतदानाच्या आत कळवायचं होतं. जायचं की नाही हे ठरत नव्हतं, कारण ते ठरवायला जो शब्द हवा होता, तो लिहिणं तिच्या हातात नव्हतं. शेवटी एका संध्याकाळी, प्रचाराच्या रिक्षेत शेजारी बसलेली असताना तिनं सांगूनच टाकलं.

देवानं मांडीवरची पत्रकं नीट लावली.

“चांगलं हाय,” तो म्हणाला.

बस्स! चांगलं हाय! वर्षालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेव्हा ‘चहा घेत जाय’, आणि आता ‘चांगलं हाय’. मेला, पाणी पोचवायला पहाडावर जाईल, पण दोन शब्द हाताच्या अंतरावर पोचवायचे तर बोंब! तिनं त्याच क्षणी ठरवलं, पुणे तर पुणे.

मतदानाच्या आदल्या दिवशी सगळीकडं चिडीचूप झालं. भोंगे बंद, रिक्षा बंद, गयासभाईंचं मशीनसुद्धा दमून गप्प. वर्षाली आपला खण रिकामा करत होती. फोन समोर ठेवला होता, पुण्याचा नंबर काढून.

दारात तो उभा होता. हातात कपबशी, वाफाळती. कोपऱ्यावरच्या टपरीवरून थेट धावत आलेला, चहा थोडा मनगटावर सांडलेला.

“आज कायले आला? प्रचार बंद हाय ना?” ती रुक्षपणे म्हणाली.

“म्हणूनच आलो.”

“म्हणजे?”

“वर्षाली, काल-परवा काही बोललो असतो, तं तुले वाटलं असतं, हा उमेदवार हाय, आश्वासन देऊन राह्यला. तू तं रोज पाहते आश्वासनं. आज प्रचार बंद. आज जे बोलीन, थे प्रचार नाई.” त्यानं श्वास घेतला. “मले तू पाह्यजे. शकुंतलेत होती तवापासून पाह्यजे.”

पण ती शब्दांची बाई. इतक्यात कशी भुलणार?

“मंग इतकी वर्षं कुठी होता रे? एक फोन नाई...”

“पयल्या सुट्टीत तोंडानंच सांगीन म्हटलं. आलो तं तुमचं घर उठलं होतं. पुढच्या सुट्टीत आलो, तं गाडीच बंद. लाखपुरीच्या फलाटावर दिवसभर बसलो. रूळ होते, गवत होतं. कोणाले विचारू, ती खिडकीतली पोरगी कुठी गेली म्हणून?”

वर्षालीच्या गालांवरून पाणी घरंगळत होतं. तिनं ते पुसलं नाही.

“हे बी बनवून सांगत असशील,” ती रडता रडता म्हणाली. “उमेदवाराचा काय भरोसा?”

“नको ठेवू,” तो म्हणाला. “पण चिन्ह मांगायच्या अर्जावर तीन पसंती लिवा लागते. काकाले वाटते, कपबशी नशिबानं भेटली. नशिबानं नाई वं. ट्रॅक्टर सोडून मीच पयल्या नंबरवर लिवली. तवा तू या दुकानात हाय, हे मले कुठी माहीत होतं? मले वाटलं, तू नाई भेटली तरी कपबशी तं सोबत राहीन.”

तिनं त्याच्या हातातली कपबशी घेतली, टेबलावर ठेवली आणि त्याच्या चौकटीच्या सदऱ्यात तोंड लपवलं.

“आणि पुणं?” तिनं तिथूनच विचारलं.

“जाय ना. तुले जायचं तं जाय. हरलो तं मी येतो मांगं. पुण्याले बी पाणी लागतेच की, टँकर चालवीन.”

“अन् जिंकला तं?”

“तं मंग... तू इथूनच लिवत जाय. जमते ना आता, कॉम्प्युटरवर?”

वर्षाली डोळे पुसत हसली. “अस्सं! म्हणजे आपण कुठी राह्यचं, थे मतदार ठरवणार?”

“हाव,” देवा म्हणाला. “कोणासंगं राह्यचं, तेवढं आपण ठरवू.”

तिनं कप उचलला, अर्धा चहा बशीत ओतला आणि कप त्याच्याकडं दिला. बाहेर रस्ता शांत होता. चहा अजून चांगला गरम होता, म्हणून ती बशीवर फुंकर घालू लागली, आणि तो पुन्हा तिच्याकडं बघत राहिला.