भिमाबाईचा फोटो

लोखंडी खुर्ची तासभर उन्हात होती, तरी कमलनं हात लावला तेव्हा ती गार लागली. पाण्याच्या रांजणाला हात लावावा तशी. तिनं झटकन हात मागं घेतला. चैत्राचं ऊन, माकणीच्या धरणाजवळचा सरकारी बंगला, अंगणातल्या केळीसुद्धा माना टाकून उभ्या. आणि लोखंड गार?

"काय गं फोटोवाली, खुर्ची चावली का काय?" नवरीचे मामा, आबाराव, पंगतीतून ओरडले आणि सगळा मांडव हसला.

कमलही हसली. सकाळपासून लोक तिला हसतच होते. स्वतःच्याच कॅमेऱ्याचा खटका ऐकून ती दोनदा दचकली होती! उस्मानाबादला बी.ए. करणारी पोरगी, कळंबला वडिलांचा, अप्पांचा, फोटो स्टुडिओ, पण अप्पा डोळ्याच्या ऑपरेशननं घरी पडलेले, म्हणून आज पहिल्यांदाच एकटी आलेली.

लग्न मात्र झकास होतं. नवरदेव पाटबंधारे खात्यात, म्हणून बंगला मिळाला. बुद्धवंदना झाली, हार पडले, पांढऱ्या साडीतली नवरी, जाई, लाजून लाल झाली. मुहूर्ताची घाई नव्हतीच. कुणी केळीखाली लवंडलं होतं, कुणी तिसऱ्यांदा बुंदी वाढून घेत होतं.

अकरा फोटो झाले. रोलात एकच उरला. तो जाईनं सकाळीच राखून ठेवायला सांगितला होता. "ताई, तेवढा माझ्या आईचा."

जाईची आई, भिमाबाई, बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर गेली आणि तापानं तिथंच संपली. जाई तेव्हा सहा वर्षांची. आता तिला आईचा चेहरा आठवत नव्हता, आणि घरात फोटो एकही नव्हता. अशा घरांसाठी अप्पांची एक रीत होती. गेलेल्या माणसाच्या तोंडावळ्याचं नातलग त्याच्याच कपड्यांत बसवायचं, फोटो काढायचा, मग ब्रशनं चेहरा जुळवायचा. आज भिमाबाईची धाकटी बहीण, बनाबाई, बसणार होती.

"अप्पाला सांग, म्या अक्कापरीस लई गोरी हाय. जरा जपून काळी कर म्हणावं," असं म्हणत बनाबाई अक्काचं हिरवं लुगडं नेसायला बंगल्यात गेली.

बंगल्याकडं पाठ करून कमलनं कॅमेरा पोटाशी धरला आणि मान खाली घालून त्याच्या माथ्यावरच्या, समोरचं दाखवणाऱ्या काचेत पाहिलं. खुर्चीवर हिरव्या लुगड्यातली बाई बसलेली होती.

इतक्यात नेसून झालं?

पण बनामावशीनं मान खाली घातली होती. पाय अनवाणी, पोटऱ्यांपर्यंत पांढरी धूळ. लग्नघरात असे पाय? मांडवातलं हसणं कुठंतरी लांब गेल्यासारखं झालं. नुकत्याच फोडलेल्या दगडाचा करपट वास आला.

"मावशी... वर बघा."

मान तशीच खाली.

"बनामावशी... जाईसाठी बघा की."

कमलनं कॅमेरा पोटाशी घट्ट दाबला. काचेवरची नजर उचलून समोर बघावं, एवढंच करायचं होतं. तेवढाच धीर होईना. आणि फोटो एकच उरलेला. तो हलला तर जाईला आई नाही ती नाहीच. तिनं श्वास रोखला.

काचेतली मान सावकाश वर आली. हुबेहूब जाई... फक्त फार थकलेली. ती कॅमेऱ्याकडं बघत नव्हती. मांडवात हसणाऱ्या नवरीकडं बघत होती.

कमलचं बोट आपोआप दाबलं गेलं. खट्.

"बनामावशी?" ती पुटपुटली. मग जवळजवळ किंचाळली, "बनामावशी!"

"अगं आले, आले की!" पाठीमागून, बंगल्याच्या आतून, बनाबाईचा आवाज आला. "कवाधरनं पेटी उचकतीय... अक्काचं लुगडंच घावंना!"