बिनमिठाची कॉफी

फिनिकेच्या वळणावर बसने असा काही झोका घेतला, की मेल्तेमच्या हातातली कोलोनची अख्खी बाटली त्या नव्या मुलाच्या शर्टावर रिकामी झाली!

तशी चूक तिची नव्हती हो. लांबच्या प्रवासात सगळ्यांच्या ओंजळीत लिंबाच्या वासाचं कोलोन घालायचं, हे काम नेजदेत सरांनी तिच्यावर सोपवलं होतं. पुरातत्त्वाच्या शेवटच्या वर्षाची पोरं, त्यांचे सर आणि सरांच्या हाताखाली शिकवणारी मेल्तेम, अशी ती अंकाराहून निघालेली अभ्याससहल. आणि हा मुलगा अंताल्याला चढलेला. जुन्या अवशेषांची मापं घेऊन नकाशे कसे काढतात, ते पोरांना दाखवायला सरांनी त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. नाव ताय्लान.

"अय्यो... माफ करा हां, खरंच, मी..." ती रिकामी बाटली सावरत म्हणाली.

"असू द्या," तो शर्ट झटकत म्हणाला. "सकाळी आंघोळ राहिली होती, ती झाली."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. मेल्तेमचे कान लाल झाले.

"रुमाल देऊ?"

"नको. आता आठवडाभर डास जवळ यायचे नाहीत. आणि तुम्ही मला विसरणार नाही, तो फायदा वेगळाच."

काय आगाऊ आहे, असं पुटपुटत ती जागेवर जाऊन बसली. आणि मग खिडकीबाहेरचा निळाशार समुद्र सोडून, ड्रायव्हरच्या आरशात त्याचे विस्कटलेले केस बघत राहिली... वेडी कुठली!

उचाअझ नावाच्या समुद्रकाठच्या गावी त्यांचा मुक्काम पेरिहानमावशींच्या लॉजवर होता. अंगणात द्राक्षाचा मांडव, मांडवाखाली लांबलचक टेबल, आणि टेबलावरून उठलं की थेट पाणीच. रोज सकाळी होडी निघायची. समुद्रात बुडालेल्या गावाच्या भिंती, खाली खाली उतरत पाण्यात दिसेनासे होणारे जिने, किनाऱ्यावरची दगडी थडगी... सर तळमळीने बोलत राहायचे आणि पोरं एकमेकांचे फोटो काढत राहायची. ताय्लान टेकडीवरच्या पडक्या किल्ल्यावर मोजमापाची फीत उलगडायचा आणि दुसरं टोक कुणाच्या तरी हातात द्यायचा. पहिल्या दिवशी कुणाच्याही. दुसऱ्या दिवसापासून फक्त मेल्तेमच्या.

"सर, आम्हालाही येतं की फीत धरायला!" एझगी म्हणाली. सहलीतली सगळ्यात चोंबडी मुलगी ती.

"तुझा हात हलतो," ताय्लान गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

हात हलत होता तो मेल्तेमचा! वारा होता, ओव्याच्या झुडपांचा वास होता, आणि फितीच्या त्या टोकाला तो होता. काम संपलं तरी तो फीत गुंडाळायचा नाही. हळूच एक झटका द्यायचा. मग तीही इकडून द्यायची. बस्स, एवढंच. पण तेवढ्यावर तिचा सबंध दिवस जायचा.

"नीट धर ना," तो ओरडायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नव्हतं.

"वारा आहे!"

"घरच्यांनी नावच वाऱ्याचं ठेवलंय तुझं. माझं माप कधी बरोबर येणारच नाही."

"मग दुसरी शोध."

"शोधली असती," तो फीत गुंडाळत गुंडाळत अगदी जवळ आला, "पण आता या चुकीची सवय झालीय..."

असं सगळं छान चाललं होतं. पण रविवार जवळ येत होता ना!

रविवारची आठवण करून द्यायला आईचा फोन रोज यायचाच.

"काय गं, कॉफीवर फेस येतोय का नीट? मुलाची आई आधी फेस बघते, मग मुलगी."

"आई, मी इथे कामाला आलेय."

"काम काय, जन्मभर आहेच. दातांचा डॉक्टर आहे मुलगा, स्वतःचा दवाखाना आहे. आणि त्याच्या कपात मीठ घालायला विसरू नकोस हं! तुझ्या बाबांनी माझी खारट कॉफी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली होती. मीठ तोंड वाकडं न करता प्यायला, की समजायचं, मुलगा मनापासून आलाय."

"आणि मला तो नको असला तर?"

"का नको? कुणी दुसरा आहे का?"

"होडी निघतेय," म्हणून मेल्तेमने फोन ठेवला. आहे म्हणावं, तर तो तोंडच उघडत नव्हता. नाही म्हणावं, तर खोटं. आणि हो की नाही, ते रविवारी सांगून टाकायचं होतं. उगाच कुणाला ताटकळत ठेवणाऱ्यातली ती नव्हती.

शेवटी त्या संध्याकाळी धक्क्यावर पाय सोडून बसल्यावर तिनेच विषय काढला.

"रविवारी मला बघायला येणारेत."

ताय्लान पाण्याकडे बघत होता, तो बघतच राहिला. "कोण?"

"दातांचा डॉक्टर."

"बरंय की... दात फुकट बघेल."

"एवढंच?"

"अजून काय म्हणू? त्याच्याकडे दवाखाना आहे. माझ्याकडे एक फीत, एक पाठपिशवी, आणि पाऊस सुरू होईपर्यंतचं कंत्राट."

"मी विचारलं का, तुझ्याकडे काय आहे ते?"

"नाही विचारलंस..." तो म्हणाला. आणि पुन्हा पाण्याकडे बघायला लागला.

वाट बघून बघून ती ताडकन उठली. बस म्हणावं इथेच, मोज आता पाणी! खोलीत जाऊन तिने उशीत तोंड खुपसलं आणि पोटभर रडून घेतलं. इतकं कुणी आवडावं, आणि तो असा शुंभ निघावा?

शेवटच्या दिवशी दुपारी मांडवाखाली सगळे एकत्र जेवले. तळलेली मासळी, लिंबं, ताजा पाव. दुसऱ्या दिवशी सकाळी बस सुटायची होती. ताय्लान टेबलाच्या पार टोकाला बसला होता, आणि दोघं एकमेकांकडे न बघण्याचा इतका आटापिटा करत होती, की मांजरालाही कळावं.

"पोरांना चहा देते," पेरिहानमावशी उठत म्हणाल्या. "मोठ्यांची कॉफी आज मेल्तेम करेल. फेस बघू तरी."

स्वयंपाकघरात मंद आचेवर कॉफी फुगत आली. मेल्तेमने कप मांडले. सरांचा, मावशींचा, ताय्लानचा. मग तिचा हात आपोआप मिठाच्या बरणीकडे गेला. चमचा भरला. त्याच्या कपावर धरला... आणि तिथेच थबकला.

"काय गं, कुठे अडलंय?" मावशींनी विचारलं.

"मावशी, समजा घातलं. आणि त्याने एक घोट घेऊन कप बाजूला ठेवला तर?"

"तर कप धुवायचा."

"सगळ्यांसमोर हो!"

"सगळ्यांसमोरच असतं ते, बाळा."

पण तिला धीर झाला नाही. चमचा बरणीत परत गेला. तिने डोळे पुसले, तबक उचललं आणि बाहेर येऊन एकेक कप पुढे ठेवला. त्याच्या कपावर फेस सगळ्यात दाट होता. तेवढं तरी तिने केलंच होतं.

ताय्लानने एक घोट घेतला. कप खाली ठेवला. कपात पाहिलं, मग पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे पाहिलं.

"यात मीठ नाही," तो म्हणाला.

"मीठ? कॉफीत मीठ कशाला घाल—" नेजदेत सर बोलायला लागले, आणि एकदम उजेड पडून मिशीवर हात ठेवून थांबले.

"मीठ मुलीने घालायचं असतं," एझगी कुजबुजली. तिचं कुजबुजणं होडीपर्यंत ऐकू गेलं असेल.

"ठाऊक आहे. पण ती घालत नाहीये, आणि उद्या बस सुटतेय." त्याने माशाच्या काट्यांपलीकडची मिठाची वाटी ओढली. एक चमचा घातला. दुसरा घातला. तिच्याकडे बघत तिसराही.

"ताय्लान... मरशील रे!"

तो मेला नाही. थांबलासुद्धा नाही. गाळासकट अख्खा कप प्यायला, चेहऱ्यावरची रेषही हलू न देता. फक्त डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"पाणी..." त्याच्या घशातून कसाबसा आवाज आला.

मेल्तेमने ग्लास भरला, त्याच्यासमोर धरला, पण सोडला नाही. "आधी बोल. काल जे बोलला नाहीस, ते."

"दवाखान्यापुढे माझं काय चालणार, असं वाटलं गं. रात्रभर वाटत राहिलं. पण तू दुसऱ्या कुणासाठी कॉफी करणार, हे मला सहनच होत नाही. मला तू आवडतेस, मेल्तेम. फार... फार आवडतेस. आता दे ना पाणी!"

तिने ग्लास दिला. आणि तो घटाघटा पीत असतानाच, सगळ्यांच्या देखत, त्याच्या खांद्यावर कपाळ टेकून म्हणाली, "मलाही. पहिल्या दिवसापासून. शुंभ!"

पोरांनी टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला. त्या गोंधळातच तिचा फोन वाजला. आईच! तिने घाईघाईत उचलला. चुकून स्पीकरवर बोट लागून आईचा आवाज सगळ्या टेबलाला ऐकू यायला लागला.

"काय गं, कसला आरडाओरडा तो?"

"आई... कॉफी केली मी. इथेच. एक जण प्यायला. तीन चमचे मीठ."

"तू घातलंस?"

"नाही. त्यानेच घालून घेतलं."

"स्वतःच्या हाताने? वेडाबिडा आहे का तो?"

"हो, आई." ती हसत होती आणि रडतही होती. "मला तोच हवाय."

पलीकडे आईने मोठा उसासा टाकला. "डॉक्टरच्या घरी कळवते मी. पण त्या मुलाला सांग, रविवारी आईवडिलांना घेऊन ये, फुलं आण, चॉकलेट आण. आणि नीट ऐक. स्वतः घालून घेतलेलं मीठ मी धरत नाही. रविवारचं मी घालणार!"

ताय्लानने ते ऐकलं, आणि मुकाट्याने पाण्याचा दुसरा ग्लास भरून घेतला.