शेवटच्या प्रकरणाचा वाचनठसा

प्रयोगशाळेतल्या वाचनकक्षात उल्काने कपाळावरचा शिरोपट्टा उतरवला आणि कादंबरी मिटली. तीन तोंडांच्या कुत्र्यावर नावाडी खेकसतो, त्या पानावर तिचा नवरा शार्दूल खळखळून हसला होता. पहिल्यांदा वाचताना त्याचं ते हसू तिच्या छातीत जसंच्या तसं उमटलं होतं. आज तिथे नुसतं रडू होतं.

ग्रीक पुराणांवर बेतलेली ती काळोखी कादंबरी शार्दूलने आजारपणात, शिरोपट्टा लावून वाचली होती. वाचताना त्याच्या मनात जे जे उठलं, त्याचा वाचनठसा यंत्राने टिपला होता. पट्टा लावून तीच पानं वाचली, की त्या भावना वाचणाऱ्याच्या मनात उमटत. तो गेल्यावर उल्का पुन्हा पुन्हा वाचत राहिली. फक्त शेवटचं प्रकरण तिने राखून ठेवलं होतं.

"ठशात बिघाड झालाय का, सर?" तिने डॉ. होनपांना विचारलं.

होनपांनी पडद्यावरचे आलेख तपासले. "बिघाड नाही. ठसा यंत्रातल्या जिवंत पेशींवर उमटतो. वाचताना त्या मऊ होतात आणि वाचणाऱ्याचं मनही त्यात मिसळतं. आठवणीचंही असंच होतं. या प्रकरणांत आता बहुतेक तूच आहेस, उल्का."

"आणि शेवटचं प्रकरण?"

"त्यात तो अजून अख्खा आहे. पण पहिल्या वाचणाऱ्यापुरताच."

दुसऱ्या दिवशी ती सासूबाईंना घेऊन आली. पाताळाच्या राजाने पळवलेल्या लेकीला शोधत एक आई खाली उतरते, ही तोवरची गोष्ट तिने त्यांना सांगितली आणि पट्टा त्यांच्या कपाळावर बांधला.

"तू नाही वाचणार?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही वाचा, आई."

काचेपलीकडे त्या सावकाश पानं उलटत होत्या. मध्येच त्यांनी पदर डोळ्यांना लावला. बाहेर आल्या तेव्हा पट्टा त्यांच्या हातात होता.

"आई पोचते लेकीपर्यंत," त्या म्हणाल्या. "पण लेक म्हणते, तू परत जा, मी इथे ठीक आहे. मला रडू आवरेना. आणि माझ्याच आत कुणीतरी अगदी शांत होतं, उल्का. जरासुद्धा भ्यालेलं नव्हतं."

होनप हलकेच म्हणाले, "आता तिथेही नुसता शार्दूल उरलेला नाही."

"माहीत आहे," उल्का म्हणाली. तिने सासूबाईंच्या हातातून पट्टा घेतला आणि आत जाऊन शेवटचं प्रकरण उघडलं.